डबीतली अळंबी आणि ताटातली अळंबी

*वाचकाचं पत्र:* ताई, आम्ही ठाण्याला वसंत विहारमध्ये राहतो. ह्यांचं वय ६१, बरीच वर्षं डायबेटिस आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी दोन वेळा, रात्री कोलेस्टेरॉलची एक. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची शुगर ८.१ आली. उपवनला सकाळी फिरायला जातात, त्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी मशरूमच्या कॅप्सूलची डबी आणि मशरूम कॉफीची पाकिटं दिली. 'सहा महिन्यांत गोळ्या सुटतात' म्हणे. तेव्हापासून ह्यांनी संध्याकाळची गोळी आपल्या मनानेच बंद केली आहे. मुलगा म्हणतो, मशरूमवर खरोखरच संशोधन झालंय. सासूबाई म्हणतात, अळंबी घरात शिजली तर मी त्या स्वयंपाकघरातलं पाणीसुद्धा पिणार नाही. ह्यात खरं काय? रोज मशरूम खाल्लं तर चालेल का, आणि किती? ह्यांनी तर आता बाल्कनीत धिंगरी (ऑयस्टर मशरूम) लावायचं मनावर घेतलंय. कृपया नाव छापू नये.

*उत्तर:*

ताई, संध्याकाळच्या गोळीचं आधी बघू. बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी काही बिघडत नाही.

आज-उद्यात त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी केव्हापासून बंद आहे, कॅप्सूल केव्हापासून चालू आहे, हे सरळ सांगा. लपवण्यात काही अर्थ नाही. डॉक्टरांना असली कबुली नवी नसते. तोवर रोज सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी घरच्या मशीनवर शुगर बघा आणि आकडे वहीत लिहा. घाबरून 'राहिलेल्या' गोळ्या एकदम घेऊ देऊ नका. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, त्यामुळे ते जास्त झालं की शुगर धाडकन खाली येते. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाण्यात तीन चमचे साखर ढवळून ताबडतोब द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. उलट बाजूला, शुगर ३०० च्या वर राहू लागली, सारखी तहान-लघवी होऊ लागली किंवा उलट्या, गुंगी सुरू झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मी आहारतज्ज्ञ आहे, गोळ्या कमी-जास्त करणं माझं काम नाही. ते उपवनच्या गृहस्थांचंही नाही.

आता मुलाचं म्हणणं. मुलगा बरोबर आहे आणि म्हणूनच तुमच्या घरातला गुंता सुटत नाहीये. निव्वळ थाप असती तर दोन मिनिटांत उडवून लावता आली असती. अळंबीत मधुमेहाच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखं बरंच काही आहे. तिच्या पेशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाचा तंतू असतो, जो आपण पचवू शकत नाही. त्याच भिंतीत कायटिनही असतं, खेकड्या-कोळंबीच्या कवचात असतं तेच. (हे सासूबाईंना सांगू नका.) शिवाय एर्गोथायोनीन नावाचा एक पदार्थ आहे. आपलं शरीर तो बनवत नाही, अन्नातूनच घेतं, आणि अन्नात त्याचा सगळ्यात मोठा साठा अळंबीतच सापडतो. तो पेशींमध्ये आत नेण्यासाठी आपल्या शरीरात खास वाहक प्रथिन आहे, हे २००५ साली उघड झालं. ज्यासाठी शरीराने वेगळी वाट ठेवली आहे तो पदार्थ काहीतरी कामाचा असणार, असं शास्त्रज्ञांना वाटणं साहजिक आहे. पण 'काहीतरी कामाचा' आणि 'शुगर उतरवणारा' ह्यात अंतर आहे.

प्रयोगशाळेत अळंबीचे अर्क परीक्षानळीत घालून पाहिलेत. त्यातले काही पिष्टमय पदार्थांची साखर करणाऱ्या विकराला अडवतात. आपल्याकडे व्होग्लिबोज नावाची गोळी सर्रास दिली जाते, तिचं कामही हेच. मधुमेह केलेल्या उंदरांना अर्क पाजल्यावर त्यांची शुगर उतरल्याचे निष्कर्ष तर ढिगाने आहेत. मुलाला नेटवर दिसतंय ते बहुतेक हेच असणार. त्याला एवढंच विचारा की तो वाचतोय तो प्रयोग नळीतला, उंदरावरचा की माणसावरचा? माणसावरचा असेल तर किती जणांवर, किती दिवस आणि तुलनेला दुसरा गट होता का? ह्या प्रश्नांनंतर ढीग फारच लहान होतो.

माणसांवरचं जे आहे त्यातला एक अभ्यास आपल्या शेजारचाच, बांगलादेशातला, २००७ साली प्रसिद्ध झालेला. मधुमेहाच्या रुग्णालयातल्या ८९ जणांना सात दिवस धिंगरी खायला दिली, मग सात दिवस बंद केली, मग पुन्हा सात दिवस दिली. खाताना शुगर आणि कोलेस्टेरॉल उतरलं, बंद केल्यावर पुन्हा चढलं. वाचायला फार आश्वासक वाटतं, आणि मला तो अभ्यास आवडतो, कारण त्यात कॅप्सूल नाही, अळंबीची भाजी आहे. पण सगळा खेळ तीन आठवड्यांचा. तीन महिन्यांची शुगर तीन आठवड्यांत काय सांगणार? शिवाय अळंबी न खाणारा वेगळा गट नव्हता. रुग्णालयाच्या देखरेखीत माणूस तसंही नीट जेवतो, हेही धरायला हवं.

आता डबीकडे. 'मशरूम कॉफी' आणि कॅप्सूल असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आत बहुधा गॅनोडर्मा असणार, ज्याला रेशी किंवा लिंगझी म्हणतात. लेबल वाचून खात्री करा. ही भाजीची अळंबी नव्हेच. लाकडासारखी कडक आणि कडू असते, म्हणून तर तिची पूड करावी लागते. चीन-जपानच्या परंपरेत तिला मोठा मान आहे, तो असू दे. पण नेमक्या तुमच्या प्रश्नावर, म्हणजे टाइप टू मधुमेह असलेल्या माणसांवर, तिची तपासणी झालेली आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन ह्या संस्थेने २०१५ साली पाच चाचण्या, मिळून ३९८ माणसं, एकत्र तपासली आणि अशा रुग्णांना रेशी द्यावी असा पुरावा नाही, असं स्पष्ट म्हटलं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या ८४ जणांच्या चाचणीचा निकाल आला. १६ आठवडे रोज ३ ग्रॅम रेशी. काहींना नुसती, काहींना कॉर्डिसेप्स नावाच्या दुसऱ्या बुरशीबरोबर, काहींना दिसायला तशीच पण आत रेशी नसलेली कॅप्सूल. उपाशीपोटीच्या शुगरमध्ये फरक नाही. तीन महिन्यांच्या शुगरमध्येही नाही.

म्हणजे ज्या अळंबीबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं तिच्याबद्दलच माणसांवरचा पुरावा सगळ्यात निराशाजनक आहे. आणि विकली तीच जाते, कारण बटण मशरूमच्या पाकिटात कमिशन नसतं.

पैसे गेले एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण रेशीच्या पुडीने यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. थोड्याच आहेत, पण आहेत. रक्त पातळ करणारी औषधं किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तुमच्या यजमानांना हृदयासाठी असलं काही दिलेलं नाही ना, ते बघा. अनेकांना कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत ते असतं. कॉफीच्या पाकिटावर घटक वाचा. अशा तयार मिश्रणांत साखर आणि दूध पावडर बरेचदा आधीच मिसळलेली असते. शुगर उतरवायला म्हणून साखरेची कॉफी प्यायची, हा विनोद महाग पडतो.

डबीवर आणखी एक ओळ शोधा. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाचं वाक्य छापणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने बंधनकारक आहे. छापील अक्षरात कंपनी स्वतःच सांगते की हे औषध नाही. 'गोळ्या सुटतात' हे फक्त तोंडी चालतं. कारण मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. वाटल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पण माझं मत विचाराल तर ह्या गृहस्थांशी भांडू नका. त्यांना स्वतःलाही कुणीतरी असंच गळ्यात घातलेलं असतं, आणि तुमच्या यजमानांचं रोज सकाळी चालणं त्या ग्रुपमुळे टिकलंय. ते चालणं डबीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. 'डॉक्टरांनी थांबवायला सांगितलंय' हे वाक्य पुरेल.

तुमचे यजमान भोळे आहेत असंही मी म्हणणार नाही. निसर्गातल्या पदार्थातून मधुमेहाचं औषध मिळू शकतं, ही कल्पना अजिबात खुळचट नाही. मेटफॉर्मिनचं मूळ एका युरोपीय रानटी वनस्पतीत आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांचा पूर्वज, फ्लोरिझिन, सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळा केला गेला. त्याने लघवीत साखर उतरते हेही एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. तरी तो तसाच देता येईना, कारण आतड्यातच त्याचे तुकडे होत. रेणू बदलत बदलत त्या घराण्यातली पहिली गोळी मधुमेहींच्या हाती पडायला २०१२ उजाडलं. आणि रात्रीची ती कोलेस्टेरॉलची गोळी? बहुतेक स्टॅटिन असेल. स्टॅटिनचा शोध अकिरा एंडो ह्या जपानी शास्त्रज्ञाला १९७० च्या दशकात बुरशीतच लागला, आणि त्याच घराण्यातलं लोवास्टॅटिन धिंगरीतही थोडं सापडतं. तेव्हा बुरशीवर त्यांची श्रद्धा असेल तर बुरशीतून लागलेला तो शोध त्यांच्या गोळ्यांच्या डबीत आधीच आहे, मोजलेल्या मात्रेत. हे त्यांना असंच सांगून बघा. पुरुषमंडळींना अशी माहिती दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सांगायला आवडते.

आता जेवणाचं, म्हणजे माझ्या हातातलं.

मशरूम खायला हरकत नाही, उलट आणाच. पण त्यातल्या एखाद्या जादुई घटकासाठी नव्हे. बाजारात २०० ग्रॅमचं बटण मशरूमचं पाकीट मिळतं. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी. सगळं पाकीट मिळून ४५ च्या आसपास कॅलरी, कर्बोदकं साधारण ६ ग्रॅम, प्रथिनंही तेवढीच. तेवढ्याच वजनाच्या बटाट्यात कर्बोदकं ३५ ग्रॅमच्या आसपास असतात. फायदा आहे तो ह्या दोन आकड्यांमधल्या फरकात. बटाट्याच्या रश्श्याऐवजी मशरूमचा रस्सा केला तर शुगर कमी चढेल. बटाट्याच्या रश्श्याबरोबर वर आणखी मशरूम केलं तर काही होणार नाही, फक्त भांडी जास्त पडतील. लोक नेमकं हेच करतात. चांगलं म्हटलेलं काहीही ताटात भर म्हणून घालतात आणि भाताचा ढीग जिथल्या तिथे.

बीटा-ग्लुकानबद्दल मुलगा विचारेलच, म्हणून सांगते. जेवणानंतरची शुगर बीटा-ग्लुकानने कमी चढते असा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ साली मान्य केला, तो ओट्स आणि जवाच्या बीटा-ग्लुकानसाठी, आणि तोही ३० ग्रॅम कर्बोदकांमागे ४ ग्रॅम असेल तर. अळंबीतल्या बीटा-ग्लुकानची जोडणी वेगळी आहे. ओट्ससारखा चिकट लगदा तो पोटात करत नाही, म्हणून ओट्सचं प्रमाणपत्र त्याला लागू होत नाही. नाव एकच असलं तरी.

किती खावं? आठवड्यातून तीन-चार वेळा, प्रत्येकाच्या वाट्याला १०० ग्रॅम कच्चं येईल एवढं. शिजवूनच. कच्चं सॅलडमध्ये नको, पचायलाही जड जातं. कढई चांगली तापवून थोड्या तेलात मोठ्या आचेवर टाका, पाणी सुटून आटू द्या, मग मीठ. कांदा, लसूण, थोडं सुकं खोबरं लावून मालवणी पद्धतीने केलं तर मटणाची आठवण येणाऱ्यांचंही समाधान होतं. हॉटेलातलं मशरूम चिली किंवा क्रीमवालं सूप मात्र ह्यात मोजू नका, त्यात कॉर्नफ्लोअर आणि मैदा पोटात जातो. बरोबर दोन पोळ्या असतील तर दीड करा आणि एक वाटी डाळ किंवा उसळ ठेवा, कारण मशरूमच्या प्रथिनांवर जेवण भागत नाही. किडनीचा त्रास सांगितलेला असेल तर पोटॅशियममुळे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

परिणाम बघायचा असेल तर घरच्याघरी बघता येतो. एका दिवशी नेहमीचं जेवण, जेवणाआधी आणि दोन तासांनी शुगर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बटाट्याच्या जागी मशरूम, बाकी ताट तेच, पुन्हा दोन्ही वेळा शुगर. त्यांना स्वतःला वहीत लिहू दे. तुम्ही शंभर वेळा सांगण्यापेक्षा त्यांच्याच हातचा आकडा त्यांना पटेल.

सासूबाईंशी मात्र ह्यावरून वाद घालू नका. अळंबीशिवाय मधुमेह आवरत नाही असं काहीही नाही. जे काम बटाट्याच्या जागी मशरूम करतं तेच दुधी, पडवळ, गवार, फरसबी करते, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ह्या भाज्यांना कुणाची हरकत नाही. चातुर्मासात मशरूम पूर्ण बंद ठेवा. एरवी वेगळी कढई करून त्या देवळात किंवा भजनाला गेल्या की उरकता आलं तर उत्तम, नाही जमलं तर सोडून द्या. ६१ वर्षांच्या माणसाच्या शुगरसाठी घरातली शांतता मोडावी एवढी किंमत मशरूमची नाही.

पावसाळ्यात जांभळी नाक्याला किंवा स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानावर रानअळंबी घेऊन बसतात. त्यांची पारख पिढ्यानपिढ्यांची असते. ओळखीच्या बाईकडून वर्षानुवर्षं घेत असाल तर प्रश्न वेगळा. पण मशरूमची हौस लागलेल्या तुमच्या यजमानांना येऊरच्या जंगलात स्वतः वेचायला जाऊ देऊ नका. एक तर तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथून काही आणायला बंदी. दुसरं म्हणजे विषारी अळंबी ओळखायची चांदीच्या नाण्याची, लसणाची, तांदळाची जी परीक्षा सांगतात, तिच्यावर विसंबून माणसं दगावतात. सगळ्यात घातक विषाची लक्षणं सहा-बारा तासांनी दिसतात, मग जुलाब थांबून बरं वाटल्याचा भास होतो, आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं.

राहिली बाल्कनीतली धिंगरी. लावू द्या, मला तर ही कल्पना फार आवडली. निवृत्त माणसाला रोज दोनदा बघायला काहीतरी हवंच असतं, आणि ठाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा तिला बऱ्यापैकी मानवते. भाताचा पेंढा बारीक कापून रात्रभर भिजवायचा, मग तासभर गरम पाण्यात ठेवून निथळायचा. उकळी फुटायला नको, पण हात घालवणार नाही इतपत गरम हवं. हाताला ओला लागेल पण पिळल्यावर थेंब पडणार नाही, असा झाला की प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा एक थर, बियाण्याचा एक थर असं भरायचं आणि भोकं पाडून अंधाऱ्या कोपऱ्यात टांगायचं. दोन-तीन आठवड्यांत सगळी पिशवी पांढरी होते. हिरवा किंवा काळा डाग दिसला तर ती पिशवी घराबाहेर काढायची, त्यातलं काही खायचं नाही. पांढरी झाल्यावर प्लॅस्टिक कापून थोडा उजेड आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा, थेट ऊन नको.

एक खबरदारी. धिंगरी पिकत गेली की बीजाणू हवेत सोडते आणि त्याने खोकला, दमा चाळवतो. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर पिशव्या झोपायच्या खोलीला लागून असलेल्या बाल्कनीत नकोत, आणि खिडकी उघडी हवी. छत्रीच्या कडा वर वळायच्या आत तोडायची. सकाळी फिरायला जायच्या आधी तोडली तर दुपारच्या जेवणाला होते.